वावरातल्या मुक्कामाला येताय? या चुका टाळा

बोरच्या जंगलाच्या कडेला, वर्धा जिल्ह्यात, आमचं वावर, म्हणजे शेत, आहे. तिथल्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. लोक शांतता शोधत येतात. काहींना ती पहिल्याच संध्याकाळी मिळते, काही जण दुसऱ्या दिवशी वैतागून परततात. त्यांचा मुक्काम बिघडवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा त्याच त्या असतात.

महिना न पाहता येणं

मुलांना सुट्ट्या म्हणून मे महिन्यात येणारे सगळ्यात जास्त. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि सकाळी नऊनंतर अंगणातही उभं राहवत नाही. यायचंच असेल तर दिवसाची मांडणी बदला. पहाटे फिरून घ्या, दुपारी कूलरच्या खोलीत पडून राहा, बाहेर पडलात तर डोक्याला दुपट्टा बांधा. रात्री मात्र खोलीचा हट्ट सोडा. अंगणात खाट टाकून, मच्छरदाणी लावून झोपलेले पाहुणे सकाळी सगळ्यात ताजे दिसतात.

मी सांगेन तो काळ दिवाळीनंतरचा, फेब्रुवारीपर्यंतचा. कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांवर असते, हरभऱ्याला घाटे धरतात. गारठा चांगलाच असतो, स्वेटर विसरू नका.

पावसाळा सुंदर असतो, पण आमची माती काळी आहे. पाऊस पडला की टायरच्या खाचा मातीने भरतात आणि चाक साबणावर फिरल्यासारखं जागीच फिरतं. अशा वेळी लोक ॲक्सिलरेटर दाबत राहतात, गाडी तेवढी खोल रुतत जाते. पाय काढा, खाली उतरा, चाकापुढची माती हातानं मोकळी करा आणि पऱ्हाट्या किंवा तुराट्या, म्हणजे कपाशीची किंवा तुरीची वाळलेली झाडं, आडव्या टाका. तरी निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो. खरं तर पावसाळ्यात गाडी डांबरी रस्त्यालाच ठेवावी. तिथून आम्ही बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, घेऊन येतो.

पाणी शहरासारखं वापरणं

घराला सिंगल फेज वीज असते, विहिरीवरची मोटार मात्र थ्री-फेजवर चालते. शेतीच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या वेगळ्या वीजवाहिनीला, ती ठरावीक तासच मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. तेवढ्या वेळात टाकी भरते आणि पुढचे तास तेच पाणी पुरवायचं असतं. वीस मिनिटं शॉवर चालवला की दुसऱ्या खोलीतला माणूस डोक्याला साबण लावून बसतो. म्हणून आल्या आल्या विचारा, या आठवड्यात थ्री-फेज लाईन कधी असते. बादलीनं आंघोळ करा. फोन आणि बॅटरी, घरात वीज असेल तेव्हाच चार्ज करून ठेवा.

रात्रीच्या आवाजांची तक्रार

"शांत जागा म्हणाला होता, रात्रभर कोणीतरी डबे वाजवत होतं." हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण डबे वाजवणारा माणूस जागलीवर, म्हणजे पिकाच्या रात्रीच्या राखणीवर, असतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवतो, रोही, म्हणजे नीलगाई, तुरीचे शेंडे खाऊन जातात. शेतकरी दिवसभर राबून रात्री शेतातल्या मचाणावर जागा राहतो, हाका मारतो, फटाका फोडतो. ते थांबवा म्हणून आम्ही त्याला सांगू शकत नाही, सांगणारही नाही.

पहिल्या रात्री झोप लागत नाही, हे खरं आहे. रातकिडे, टिटवी, छपरावर पडणारी पानं, सगळंच मोठं वाटतं. त्यावर गाणी लावू नका, नाहीतर दुसरी रात्रही तशीच जाते. जेवण सातला करा, नऊला दिवे घालवा. दुसऱ्या रात्री कान सरावतात. म्हणूनच एका रात्रीसाठी येऊ नका, निदान दोन रात्री ठेवा.

अंधारात वावरात शिरणं

इथे मी हात जोडून सांगते. चांदणं पाहायला म्हणून कोणालाही न सांगता बांधावर जाऊ नका. बऱ्याच वावरांना जनावरं अडवायला झटका मशीनची तार असते. तिचा धक्का जोराचा बसतो, जीव जात नाही. पण काही ठिकाणी लोक चोरून थेट विजेचा प्रवाह सोडतात आणि त्या तारेनं जनावरांबरोबर माणसंही गेली आहेत. शिवाय बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि वाघाला जंगलाची हद्द कळत नाही. पहाटे आणि अंधार पडताना नाल्याकाठी एकटं जाऊ नये, मुलांना तर नाहीच. चांदणं अंगणातूनही भरपूर दिसतं.

साप पावसाळ्यात जास्त निघतात. जमिनीवर झोपू नका, बूट झटकून घाला, बाहेर जाताना बॅटरी पायापुढे धरा. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कधी कधी दुखतही नाही, खूण शोधावी लागते. झोपेतून उठल्यावर पोटात कळा आल्या, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली तर वाट पाहू नका. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, झाडफूक करण्यात वेळ घालवू नका. तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन लावा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा.

फवारलेल्या पऱ्हाटीत फोटो

जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालते. हिरवं रान बघून पाहुणे मुलांना आत सोडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आम्ही विसरलेलो नाही. त्या दिवसांत कुठल्या वावरात काय मारलं आहे ते विचारल्याशिवाय आत पाय टाकू नका, बोंडाला हात लावू नका. मूल आत गेलंच तर कपडे बदला आणि साबणानं धुवून काढा. मळमळ किंवा घाम सुरू झाला तर फवारलेल्या औषधाच्या डब्यावरचं नाव लिहून घेऊन दवाखान्यात जा.

आणखी थोडं

पोळ्याला येऊन बंडीतून फिरवा म्हणू नका. "आज बैल जुपत नाही जी," एवढंच उत्तर मिळेल. त्या दिवशी त्याला आंघोळ, झूल आणि पुरणपोळी, काम नाही. तान्हा पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन निघतात, ते मात्र जरूर पाहा. दारू आणू नका, वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून बंदी आहे. वेचणीवरच्या बायांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. त्यांना वजनावर मजुरी मिळते, थांबून पोज द्यायला वेळ नसतो.

जेवणाचं आधी सांगा. चुलीवर ऐनवेळी चार भाज्या होत नाहीत. आमची काकू "सांभार टाकू का?" असं विचारेल तेव्हा पुण्या-मुंबईचे पाहुणे इडली शोधतात. ती कोथिंबिरीबद्दल विचारत असते. आणि रोडगे, म्हणजे गव्हाच्या पिठाचे भाजलेले गोळे, खायचे असतील तर दुपारी चारलाच सांगा. गोवऱ्या पेटवून त्यांचा आर, म्हणजे निखारे, होऊ द्यावा लागतो, मग रोडगे आत पुरायचे. वांग्याची भाजी आणि वरण तोवर शिजतं, आणि सातच्या सुमाराला तूप घालून ताट समोर येतं.