एन्क्रिप्शनचा प्रोजेक्ट बंद करताय? या चुका टाळा

कोडची साधी लायब्ररी बंद पडली तर लोक चार दिवस कुरकुर करतात आणि दुसरी लावतात, पण एन्क्रिप्शनच्या (डेटा कुलूपबंद करणाऱ्या) टूलमध्ये लोकांच्या फाइली अडकलेल्या असतात, आणि तुम्ही निघून गेलात तरी दहा वर्षांनी कुणीतरी त्या उघडायला बसणारच आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कारण न सांगता गाशा गुंडाळणं. डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या ट्रूक्रिप्टचं हेच झालं. २८ मे २०१४ ला साइटवर अचानक सूचना आली की हे वापरणं सुरक्षित नाही, न सोडवलेले दोष असू शकतात, मायक्रोसॉफ्टच्या बिटलॉकरवर जा. कुठला दोष? एक शब्द नाही. लोकांना वाटलं साइट हॅक झाली, आणि कितीतरी जण जुन्या ७.१ए आवृत्तीलाच चिकटून बसले. २०१५ मध्ये ऑडिटला बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा) काही सापडला नाही, पण त्याच वर्षी विंडोज ड्रायव्हरमधे दोन बग निघाले आणि ते दुरुस्त केले ट्रूक्रिप्टच्याच कोडवरून निघालेल्या व्हेराक्रिप्टवाल्यांनी, कारण मूळ टीम केव्हाच गेली होती. एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर केली असं मला मनापासून वाटतं: शेवटची आवृत्ती ७.२ फक्त डिक्रिप्ट करते (जुनं उघडते), नवीन काही एन्क्रिप्ट करूच देत नाही. शेवटची रिलीज अशीच हवी.

दुसरी चूक, काहीच न बोलता थांबणं. पायथनच्या एन्क्रिप्शन लायब्ररीची, पायक्रिप्टोची, शेवटची रिलीज २.६.१, २०१३ ची. नंतर त्यात बफर ओव्हरफ्लो (मेमरीचा धोकादायक बग) निघाला, पण दुरुस्तीची रिलीज आलीच नाही आणि लोक पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) तेच इन्स्टॉल करत राहिले. एक शेवटची रिलीज काढा, इम्पोर्ट केल्यावर वॉर्निंग येऊ दे आणि पर्यायाचं नाव तिथेच लिहा. (पायक्रिप्टोचा पर्याय असलेल्या पायक्रिप्टोडोमवर जाताना जुनं आधी अनइन्स्टॉल करा, दोघांचं मॉड्यूलचं नाव एकच आहे, एकत्र ठेवले की गोंधळ होतो.)

डेटा कसा एन्क्रिप्ट होतो तो फॉरमॅट लिहून न ठेवणं ही तर फार महागात पडणारी चूक. पीएचपी ७.२ मधून एमक्रिप्ट हे जुनं एन्क्रिप्शन एक्स्टेन्शन गेलं तेव्हा लोकांनी कोड ओपनएसएसएल या दुसऱ्या एक्स्टेन्शनवर नेला, पण की (किल्ली) बरोबर असूनही उत्तर फॉल्स. कारण एमक्रिप्ट शेवटी शून्य बाइट भरतं आणि ओपनएसएसएल वेगळं पॅडिंग (शेवटचा ब्लॉक पुरा करायची भर) शोधतं, म्हणून झीरो पॅडिंगचा फ्लॅग लावून शेवटचे शून्य बाइट स्वतः काढावे लागतात. आणि एमक्रिप्टमधला सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) 'रायनडाल २५६' म्हणजे नेहमीचा एईएस-२५६ नव्हेच, त्यात ब्लॉक २५६ बिटचा आहे, एईएसचा १२८, तो डेटा ओपनएसएसएलने उघडणारच नाही. तो आधी जुन्या मशीनवर उघडा, मगच हलवा. बंद करणाऱ्याने सायफर, मोड, पॅडिंग, की कशी बनते आणि एखादं टेस्ट व्हेक्टर (उत्तरासकट नमुना) एवढं एका पानावर लिहिलं असतं तर लोकांच्या रात्री वाचल्या असत्या.

दमलात म्हणून मदतीला आलेल्या पहिल्या माणसाच्या हातात सगळं सोपवू नका, २०२४ ला एक्सझेड या फाइल कॉम्प्रेशनच्या टूलमधे बॅकडोअर असाच आला, दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून. रिलीजवर डिजिटल सही करायची सायनिंग की तर कुणालाच देऊ नका. नवीन माणसाची की नवीन, आणि त्याबद्दलची सूचना जुन्या कीने साइन करा. मग जुनी की रिव्होक (रद्द) करा, पण सह्या करायचं टूल जीपीजी कारण विचारतं तेव्हा 'आता वापरात नाही' हेच निवडा. 'कॉम्प्रोमाइज्ड' (की चोरीला गेली) निवडलंत तर तुमच्या जुन्या सगळ्या रिलीजच्या सह्यांवरचाही भरवसा जातो.