एका फाइलपायी अडलेला बिल्ड

आमच्या सी++ प्रोजेक्टचा बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार होणं) ९८ टक्क्यांपर्यंत धावत यायचा आणि तिथेच बसून राहायचा. मशीनला १६ कोर, राबायचा मात्र एकच. दुसऱ्या टर्मिनलवर टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावलं की एकटा सीसी१प्लस, म्हणजे जीसीसी कंपायलरचा सी++ भाग, दिसायचा, मेमरी वाढतच चाललेली. शेवटी जीसीसीची एक नोट यायची: व्हेरिएबल ट्रॅकिंगची (डीबगरसाठी व्हेरिएबलचा माग ठेवण्याची) मर्यादा ओलांडली, आता त्याशिवाय पुन्हा करून बघतो. कित्येक महिने मी ती वाचून पुढे जात होते. तुम्ही जाऊ नका. दुखणं नेमकं कुठे आहे, ते कंपायलर स्वतःच सांगत असतो.

आधी त्या एकाच फाइलची कंपाइल कमांड काढा. निंजा किंवा मेक, जे बिल्डटूल असेल ते व्हर्बोस (प्रत्येक कमांड छापत) चालवलं की मिळते. मग ती तीनदा चालवून वेळ मोजा: नुसतं -ओ२ (ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करणं), नुसतं -जी (डीबगरसाठी माहिती), आणि दोन्ही एकत्र. (फ्लॅग उच्चाराप्रमाणे लिहितेय; टाइप करताना रोमन अक्षरं, ओ मोठा, जी लहान.) माझ्याकडे -जी एकटा असताना फाइल काही सेकंदांत झाली, -ओ२ एकट्याला पाऊण मिनिट लागलं, आणि दोन्ही मिळून सहा मिनिटं! म्हणजे दोष एकट्या कुणाचा नव्हता, जोडीचा होता.

असं का होतं? ऑप्टिमायझेशन नसताना प्रत्येक व्हेरिएबलला स्टॅकवर आपली ठरलेली जागा असते, ती एकदा नोंदवली की झालं. -ओ२ मध्ये तेच व्हेरिएबल एका रजिस्टरमधून दुसऱ्यात जातं, मध्येच नाहीसंही होतं. सोबत -जी असेल तर कोणत्या इन्स्ट्रक्शनला कोणती किंमत कुठे आहे, याचा माग कंपायलरला अख्ख्या फंक्शनभर काढावा लागतो. फंक्शन दुप्पट झालं की हे काम दुपटीवर थांबत नाही.

खात्रीसाठी -एफटाइम-रिपोर्ट द्या, कुठल्या टप्प्याला किती वेळ गेला त्याचा तक्ता मिळतो. तक्त्यात व्हेरिएबल ट्रॅकिंगच्या ओळी मोठ्या दिसल्या तर वरचंच कारण. फेज पार्सिंग मोठा असेल तर वेळ हेडर वाचण्यात जातोय, तिथे -ओ० (ऑप्टिमायझेशन बंद) करूनही फारसा फरक पडणार नाही. क्लँग हा दुसरा कंपायलर वापरत असाल तर -एफटाइम-ट्रेस घ्या. त्याचा आलेख ब्राउझरमध्ये उघडतो आणि कोणतं हेडर, कोणतं टेम्प्लेट किती खातंय ते दिसतं.

पहिला उपाय त्या फाइलपुरताच: सीमेक (बिल्डची मांडणी करणारं टूल) वापरत असाल तर त्याच्या सेट_सोर्स_फाइल्स_प्रॉपर्टीजमधून तिला -एफनो-व्हार-ट्रॅकिंग-असाइनमेंट्स द्या. नाहीतरी पहिला प्रयत्न वाया घालवून कंपायलर तेच करत होता. बदल्यात जीडीबी हा डीबगर त्या फाइलमध्ये जास्त ठिकाणी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ म्हणेल, म्हणजे व्हेरिएबलची किंमत दाखवणार नाही. सगळ्या प्रोजेक्टला हा फ्लॅग लावू नका, जिथे खरंच डीबग करता तिथे तो माग लागतो.

खरं औषध मात्र कोडमध्ये होतं. ती फाइल आमची एक स्क्रिप्ट तयार करायची: एकच फंक्शन, त्यात मॅपमध्ये नोंद टाकणाऱ्या हजारो ओळी, प्रत्येक ओळीत नवी स्ट्रिंग. मी स्क्रिप्ट बदलून साध्या स्ट्रक्टचा कॉन्स्ट अ‍ॅरे लिहायला लावला, स्ट्रिंगच्या जागी साधे कॅरॅक्टर पॉइंटर. ट्रॅक करायला व्हेरिएबलच उरलं नाही. सहा मिनिटांची फाइल दोन सेकंदांवर आली आणि फ्लॅगही काढून टाकला. आपोआप तयार होणाऱ्या फाइलींवर म्हणूनच माझा पहिला संशय असतो.

बाकीच्या सवयी थोडक्यात. रोजच्या कामाला -ओजी (डीबगिंगला सोयीचं ऑप्टिमायझेशन) किंवा -ओ०. फक्त बॅकट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत) ओळ क्रमांक हवे असतील तर -जी१ पुरतो; -जी३ मॅक्रोसुद्धा नोंदवतो, तो विनाकारण ठेवू नका. लिंकिंग (कंपाइल झालेल्या फाइली जोडणं) रेंगाळत असेल तर -जीस्प्लिट-ड्वार्फ लावा, डीबग माहिती वेगळ्या फाइलींत जाते आणि लिंकरचं ओझं उतरतं. एलटीओ (लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन) रोजच्या बिल्डमध्ये बंद. डीबग आणि रिलीजच्या बिल्ड डिरेक्टरी वेगळ्या ठेवा; एकाच डिरेक्टरीत बिल्ड टाइप बदललात की सगळं पहिल्यापासून कंपाइल होतं.

आणि टेस्ट रोज एकदा तरी -ओ२ वर चालवा. इनिशियलाइज न केलेलं व्हेरिएबल -ओ० वर कित्येकदा निमूट चालून जातं.