ग्वाल्हेरच्या थंडीत घरातल्या कासवाची पेटी सुरक्षितपणे गरम कशी ठेवायची

डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं बसलं की ऊन दिसत नाही, रात्री पारा कधीकधी पाच डिग्रीच्याही खाली जातो, आणि लश्कर भागातल्या जुन्या दगडी घरांत तर आतच जास्त गारठा. आपण रजईत शिरतो, पण कासवावर रजई घालून काही होत नाही, कारण ते स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही, ती बाहेरूनच मिळावी लागते. सुलकाटा हे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागातलं कासव, थंडी झोपून काढणाऱ्यातलं नाही. गार पडलं की खाणं बंद, पोटातलं पचत नाही, मग नाकाशी बुडबुडे आणि पुढे न्यूमोनिया. म्हणजे हीटिंग लागणारच, फक्त ते असं हवं की घरातली माणसं आणि कासव दोघंही रात्री निर्धास्त झोपतील.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. हा लेख सुलकाटासारख्या परदेशी, जमिनीवर राहणाऱ्या कासवासाठी आहे आणि त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, २०२४ पासून तसे नियम आहेत. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, ते कुणी भेट देत असेल तरी घेऊ नका.

१. पेटी
काचेचा फिशटँक नको, लहान टँक बघता बघता सगळा तापतो आणि कासवाला पळायला जागाच उरत नाही. प्लायवूडची लांबट पेटी करून घ्या, पिल्लासाठी निदान चार फूट बाय दोन फूट. ऊब एका टोकाला, दुसरं टोक तुलनेने गार. हीटर मधे लावायचा नाही बरं का, कारण कासव आपलं तापमान चालत जाऊनच सांभाळतं आणि गार कोपरा नसेल तर तुमचा कितीही महाग थर्मोस्टॅट (तापमान बघून हीटर कमी-जास्त किंवा बंद करणारं यंत्र) कमीच पडेल.

२. ऊब वरून द्या
ऊन वरून येतं, तशीच ऊबही वरून. खालून तापणारे दगड आणि हीटिंग पॅड टाळा, पोट भाजत असलं तरी कासव बऱ्याचदा उठून जात नाही. दिवसा साधा पांढरा बास्किंग बल्ब (उन्हासारखी ऊब देणारा) बारा तास, टायमरवर. रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर. लाल बल्ब नको, झोप मोडते. लहान पेटीला साठ ते शंभर वॉटचा हीटर सहसा पुरतो.

सिरॅमिक हीटर भयंकर तापतो म्हणून होल्डर चिनी मातीचाच घ्या, दुकानदार प्लास्टिकचा दाखवेल, तो वितळतो. हीटरभोवती तारेची जाळी हवीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हीटर चिमट्याच्या भरवशावर ठेवू नका, मांजराने उडी मारली किंवा झाडूचा धक्का लागला की तो खाली वाळलेल्या गवतावर पडतो आणि आग अशीच लागते. वर पक्का हूक ठोका, साखळीने टांगा, आणि शिवाय एक वेगळी तार बांधा, म्हणजे एक सुटलं तरी दुसरं धरेल. हीटरच्या बरोबर खाली गवत न घालता सपाट फरशीचा तुकडा ठेवा.

३. थर्मोस्टॅट
थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावूच नका. बल्बला डिमिंगचा (उजेड कमी-जास्त करणारा) आणि सिरॅमिकला ऑन-ऑफ किंवा पल्सचा (थोडी-थोडी वीज सोडणारा) चालतो. त्याचा प्रोब (वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग) गरम बाजूला, कासवाच्या पाठीच्या उंचीवर, भिंतीला क्लिपने घट्ट बसवा. कासव वायर ओढतं, प्रोब गार कोपऱ्यात गेला किंवा पेटीबाहेर लोंबला की थर्मोस्टॅटला वाटतं अजून थंडीच आहे आणि हीटर थांबतच नाही. म्हणून रोज सकाळी प्रोब जागेवर आहे का एवढं बघाच.

बल्बखाली ३५ ते ३८ डिग्री, गार बाजूला २६-२७, आणि पिल्लू असेल तर रात्रीही २६ च्या आसपास. वेगळा डिजिटल थर्मामीटर दोन्ही टोकांना ठेवा, थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबू नका. मोजताना जमिनीवर नाही, पाठीच्या उंचीवर मोजा, कारण कासव वाढतं तशी त्याची पाठ बल्बच्या जवळ जाते आणि वरची ढाल भाजते. मोठ्या कासवाला एक तीव्र बल्ब लावण्यापेक्षा थोडे वर टांगलेले दोन मंद बल्ब बरे, ऊब पसरते.

४. वायरिंग
शंभर वॉटचा हीटर अर्धा अँपियरसुद्धा घेत नाही, त्यामुळे लोडची चिंता नाही, चिंता ढिल्या सॉकेटची. तासाभराने प्लगला हात लावा, गरम लागला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक्स्टेंशन बोर्ड पेटीच्या वर भिंतीला लावा, पाण्याच्या भांड्याजवळ नको. अर्थिंग तपासा आणि जमलं तर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा. खोलीच गरम करायची असेल तर उघड्या रॉडचा हीटर नको, ऑइलचा घ्या, आणि दोन हजार वॉटचा असेल तर तो सोळा अँपियरच्या पॉइंटलाच. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडने कासव तर जाईलच, माणसंही जातात.

५. लाइट गेली तर
दीडशे अँपियर-अवरची चांगली बॅटरी असेल तर इन्व्हर्टरवर हा हीटर रात्रीचे बरेच तास चालतो. नसेल तर गरम पाण्याच्या पिशव्या जाड टॉवेलात गुंडाळून पेटीच्या एका कडेला ठेवा आणि वरून ब्लँकेट घाला, पण हवा जायला फट ठेवा. लाइट आल्यावर हीटर सुरू होण्याआधी ते ब्लँकेट काढायचं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सिरॅमिकने हवा कोरडी होते म्हणून पिल्लाला रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, हनुवटीपर्यंतच पाणी. यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) वेगळी लागतेच, खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याची जागा घेत नाही. होळीनंतर दिवसा गरम वाटलं तरी रात्रीचा हीटर लगेच काढू नका, खोलीचं रात्रीचं तापमान पाच-सहा दिवस सलग २५ च्या वर राहिलं की मगच बंद करा.