व्हीएस कोड टाकल्यावर पहिल्या आठवड्यात

व्हीएस कोड हा कोड लिहिण्याचा एडिटर नव्याने टाकलेल्यांकडून मला हमखास येणारा प्रश्न: एडिटर आहे, सी++चं एक्स्टेन्शनही (एडिटरला जोडायचा पूरक भाग) आहे, मग प्रोग्रॅम चालत का नाही? बहुतेक वेळा कम्पायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम, टाकायचाच राहिलेला असतो. एडिटर कोड लिहून घेतो, रंगवून दाखवतो. तो चालवणारा प्रोग्रॅम वेगळा, आणि एक्स्टेन्शन या दोघांची गाठ घालून देतं. म्हणून आधी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि जीसीसी (सी++चा कम्पायलर), पायथन, जे शिकत असाल त्याची आवृत्ती विचारा. आकडा आला की मगच एडिटरकडे वळा.

इन्स्टॉल करण्यात फारसं काही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये आणलेला हा एडिटर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर फुकट मिळतो. विंडोजवर ‘युजर इन्स्टॉलर’ घेतलात तर ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत; ऑफिसच्या किंवा लॅबच्या मशीनवर ही मोठीच सोय. ‘ॲड टू पाथ’ची खूण मात्र काढू नका; तिच्यामुळेच टर्मिनलवरून एडिटर उघडता येतो. मॅकवर हेच काम कमांड पॅलेटमध्ये (एडिटरच्या कमांड शोधायची यादी) ‘शेल कमांड’ शोधून करावं लागतं. मग टर्मिनलवर कोणत्याही फोल्डरमध्ये ‘कोड’, एक स्पेस आणि टिंब टाइप केलं की तो अख्खा फोल्डर उघडतो. सुटी फाइल उघडण्यापेक्षा ही सवय लावा. शोध, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), डीबगर (चुका शोधायचं साधन), सगळं फोल्डर धरूनच चालतं.

नवखे लोक ज्याकडे कधीच बघत नाहीत ती जागा म्हणजे खालची पट्टी, स्टेटस बार. तिथे उजवीकडे स्पेस किती, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, कोणती (यूटीएफ-८ असू द्या) आणि ओळ संपल्याची खूण सीआरएलएफ की एलएफ, हे लिहिलेलं असतं. विंडोजवर ओळ संपते तिथे सहसा दोन अदृश्य अक्षरं (सीआरएलएफ) पडतात, लिनक्स आणि मॅकवर एकच (एलएफ). त्यामुळे विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांडची फाइल) लिनक्स सर्व्हरवर नेली की ‘बॅड इंटरप्रिटर’ असा एरर येऊ शकतो: पहिल्या ओळीत स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, म्हणजे इंटरप्रिटरचं, नाव असतं; तिच्या शेवटचं जादा अक्षर त्या नावाचाच भाग धरलं जातं आणि तसल्या नावाचा प्रोग्रॅम सापडत नाही. कोड कितीही वेळा वाचा, चूक दिसणार नाही, कारण ती दिसणाऱ्या अक्षरांत नाहीच. पट्टीवरच्या सीआरएलएफवर क्लिक करा, एलएफ निवडा, सेव्ह करा. झालं. पायथनमध्ये टॅब आणि स्पेसची मिसळ झाली तर तीही इथूनच सुटते. ‘स्पेसेस’वर क्लिक केलं की इंडेंटेशन बदलण्याचे पर्याय येतात.

एक्स्टेन्शन सुरुवातीला तुमच्या भाषेचं एकच पुरे. त्याला एडिटरइतकेच अधिकार मिळतात, फाइल वाचण्यापासून प्रोग्रॅम चालवण्यापर्यंत. तेव्हा प्रकाशकाचं नाव पाहिल्याशिवाय काहीही टाकू नका. आणि थीम बदलत बसण्याऐवजी एफ२ शिका. व्हेरिएबलवर कर्सर ठेवून ते दाबलं की नाव वापरलेल्या प्रत्येक ठिकाणी बदलतं, पण दुसऱ्या फंक्शनमधल्या त्याच नावाच्या वेगळ्या व्हेरिएबलला धक्का लागत नाही. फाइंड-रिप्लेसला हा फरक कळत नाही.