पिकअपचे ॲव्हरेज मोजताना आणि वाढवताना या चुका टाळा

बेळगावच्या भाजी मार्केटमधून पहाटे कोबी-गाजर भरून गोव्याकडे निघणारा पिकअपवाला असो, की निपाणी-चिकोडी भागात दुधाचे कॅन आणि पशुखाद्याची पोती पोहोचवणारा, "गाडी पूर्वीसारखे ॲव्हरेज देत नाही" ही तक्रार प्रत्येकाच्या तोंडी असते. तक्रार बहुधा खरीही असते. मात्र पूर्वी नेमके किती मिळत होते, ते कोणत्या रस्त्यावर, किती वजनावर आणि कोणत्या पद्धतीने मोजले होते, असे विचारले की उत्तर अडते. आणि तरीही त्याच अंदाजाच्या भरवशावर इंजिनातले नोझल बदलले जातात, इंजिनाचा डिझेल पंप उघडला जातो, ॲव्हरेज वाढवणाऱ्या औषधाच्या महागड्या बाटल्या टाकीत ओतल्या जातात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक गाडीत नसून मोजमापात असते, म्हणून आधी तिच्याविषयीच सविस्तर लिहितो.

एका टाकीवरून निष्कर्ष काढणे

टाकी फुल्ल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल्ल करायची आणि कापलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचे, ही पद्धत योग्यच आहे. अडचण 'फुल्ल' या शब्दात आहे. डिझेल टाकीत पडताना फेसाळते. फेस तोंडापर्यंत चढला की पेट्रोल पंपाचे नोझल 'टक्' करून बंद होते, पण आत अजून जागा उरलेली असते. पंपावरचा कामगार कधी तेथेच थांबतो, तर कधी रक्कम पूर्ण आकड्यात बसावी म्हणून आणखी दोन-तीन वेळा नोझल दाबतो. गाडी किंचित तिरकी उभी असेल, तर फरक आणखी वाढतो.

बेळगाव-निपाणी-बेळगाव अशा साधारण १५० किलोमीटरच्या फेरीला १२.५ लिटर डिझेल लागले, तर ॲव्हरेज १२ येते. पण भरताना अर्धा लिटर इकडे-तिकडे झाला, तर तीच गाडी त्याच फेरीत कधी ११.५ दाखवते, तर कधी १२.५. मी स्वतः या फरकाला फसलो आहे. टाकीत टाकायच्या एका औषधानंतर माझे ॲव्हरेज ११.५ वरून १२.५ वर गेले आणि पुढचे चार महिने मी दर खेपेला ती बाटली ओतत राहिलो. अखेर सलग ६०० किलोमीटरचा हिशेब मांडला, तेव्हा औषधासह आणि औषधाविना आकडा १२ च्या आसपासच निघाला. ६०० किलोमीटरला ५० लिटर लागत असतील, तर अर्ध्या लिटरच्या चुकीने ॲव्हरेजमध्ये ०.१२ एवढाच फरक पडतो, हे गणित मी आधी केले असते, तर ते पैसे वाचले असते.

म्हणून चाचणी किमान ५०० ते ६०० किलोमीटरची असावी, दोन्ही वेळा तोच पंप, तेच मशीन आणि गाडी उभी करण्याची तीच जागा असावी, आणि नोझल पहिल्यांदा बंद होताच थांबावे. सीमाभागात दर पाहून कधी निपाणीला, तर कधी पलीकडे कागलला डिझेल भरण्याची सवय अनेकांना आहे; व्यवहार म्हणून ती ठीक असली, तरी चाचणीच्या काळात बाजूला ठेवावी. डिझेल शक्यतो पहाटे, गाडी गार असताना भरावे. डिझेल दर अंशामागे सुमारे ०.०८ टक्के फुगते, त्यामुळे लांबच्या खेपेनंतर टाकीत उरलेले ३० लिटर डिझेल २० अंशांनी तापलेले असेल, तर तेवढ्यानेच जवळपास अर्ध्या लिटरचा फरक पडतो. पंपाच्या मापाचीच शंका असेल, तर पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि त्यात मोजून दाखवा असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो.

घाट उतरतानाचा आकडा खरा मानणे

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यातल्या साखळीला उतरल्यावर "आज सतराचे ॲव्हरेज मिळाले" असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. माल भरलेली ३ टनांची पिकअप एवढी उंची चढते, तेव्हा केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे २२ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये जवळपास ३६ मेगाज्यूल ऊर्जा असली, तरी इंजिनातून चाकापर्यंत तिचा साधारण तिसरा हिस्साच पोहोचतो. म्हणजे रस्ता सपाट असता तर लागले असते त्यापेक्षा पावणेदोन लिटर डिझेल निव्वळ चढाईत जाते. उतरताना यातले काही वाचते, पण बरेचसे ब्रेकच्या उष्णतेत निघून जाते. त्यामुळे जाऊन-येऊन पूर्ण फेरीचाच हिशेब धरावा लागतो.

त्यातही एक चूक नेहमी होते. जाताना १७ आणि येताना १० मिळाले, तर बेरीज करून दोनाने भागून १३.५ धरतात. तेवढ्याच अंतराला येताना डिझेल जास्त लागलेले असते, म्हणून एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागले पाहिजे, आणि तसे केले की १२.६ येते. शिवाय गोव्याकडे गाडी भरलेली जाते आणि रिकामी परतते, तर निपाणीच्या फेरीत याच्या उलटही घडते. माल क्रेटच्या संख्येवर मोजू नये. ओल्या कोथिंबिरीचा क्रेट आणि बटाट्याचे पोते यांची तुलना होत नाही. वजनकाट्याची पावती वहीत चिकटवून ठेवावी.

ऋतूचाही विचार करावा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात ओल्या रस्त्यावर टायरला पाणी कापत जावे लागते, आणि गळीत हंगामात संकेश्वर-हुक्केरी भागात उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर तासभर काढावा लागतो. जुलैचा किंवा डिसेंबरचा आकडा एप्रिलच्या आकड्याशी ताडून मेकॅनिकला दोष देणे अन्यायाचे आहे.

नवे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडले

या तक्रारीमागे बहुतेक वेळा मीटर असते. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. टायर ७ मिलिमीटर झिजला, तर सुमारे ३५० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाचा घेर २ टक्क्यांनी घटतो आणि तेवढ्याच रस्त्यावर फेरे वाढतात, म्हणजे मीटर १०० किलोमीटरला जवळपास २ किलोमीटर जास्त दाखवतो. नवे टायर बसताच ही सूज उतरते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर काकतीपासून पुढे २० किलोमीटर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत किंवा मोबाइलचा जीपीएस लावून जावे, मीटरशी ताडून पाहावे आणि आलेला फरक हिशेबात धरावा. नव्या टायरचे घट्ट, खोल कंगोरे सुरुवातीला थोडे जास्त डिझेल खातात हेही खरे आहे, पण त्यासाठी इंजिन उघडण्याचे कारण नाही.

हवा मात्र गार टायरमध्येच तपासावी. पंक्चरवाल्याकडे पोहोचेपर्यंत टायर तापतो, दाब वाढलेला दिसतो आणि "जास्त आहे" म्हणून हवा सोडली जाते. दरवाजाजवळच्या पट्टीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे दाब वेगळे दिलेले असतात, ते वाचावेत.

वाऱ्याविषयीचे गैरसमज

मागचा फाळका उघडा ठेवला की वारा निघून जातो आणि ॲव्हरेज वाढते, ही समजूत फार जुनी आहे. प्रत्यक्षात केबिनवरून येणारी हवा बंद हौद्यात एक भोवरा धरून राहते आणि पुढची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो आणि ओढ बहुधा वाढतेच. खरा शत्रू म्हणजे फडफडणारी ताडपत्री आणि वेग. हवेची ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे ताशी ६० वरून ८० वर गेले की ती पावणेदोन पटीहून अधिक होते. बेळगाव ते संकेश्वर हे अंतर साधारण ५० किलोमीटर आहे. ८० ऐवजी ६५ च्या वेगाने गेल्यास आठ-नऊ मिनिटे जास्त लागतात, एवढेच.

तवंदी घाटात न्यूट्रल करणे

निपाणीजवळच्या तवंदी घाटासारख्या उतारावर गाडी न्यूट्रल करण्याबद्दल मी तळमळीने सांगतो, कारण यात जीव जातो. आजच्या कॉमन रेल (संगणकाने डिझेल सोडणाऱ्या) डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात; उतारच इंजिन फिरवतो. न्यूट्रल केले, की इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल पुन्हा सुरू होते. म्हणजे जे वाचवण्यासाठी न्यूट्रल केले तेच खर्च होते, आणि भरलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापून निकामी होऊ शकतात. इंजिनच बंद केले, तर ब्रेक हलका करणारा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात.

दुरुस्ती उलट्या क्रमाने करणे

एका वेळी एकच बदल करावा. एअर फिल्टर, नोझल, ऑइल आणि अलाइनमेंट एकाच दिवशी करून घेतले, तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळत नाही. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होण्यासाठी मधूनच जादा डिझेल जळते, त्यामुळे एखाद्या टाकीचा आकडा एकटाच पडला, तर लगेच धावपळ करू नये. मात्र ती सफाई चालू असताना गाडी बंद करण्याची सवय असेल, तर ती पुन्हा पुन्हा सुरू होऊन डिझेल वाया जाते.

सुरुवात फुकट होणाऱ्या तपासणीपासून करावी. गेल्या पावसाळ्यानंतर माझे ॲव्हरेज सलग तीन टाक्यांत १२ वरून ११ च्या खाली आले, आणि एका गॅरेजमध्ये मला इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला. त्याआधी मी एक दिवस रिकामी गाडी जांबोटी रस्त्याने १५ किलोमीटर, शक्यतो ब्रेक न दाबता चालवली, सपाटीला उभी केली आणि चारही चाकांजवळ, धातूला न टेकवता, तळहात नेला. तीन चाके कोमट होती. मागच्या डाव्या चाकाची धग वीतभर अंतरावरून जाणवत होती. जॅक लावून ते चाक हाताने फिरवले, तर अर्ध्या फेऱ्यात थांबत होते. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती आणि ब्रेक कायम धरलेला राहत होता. केबल बदलून लायनर साफ केले, पुढच्या दोन टाक्यांत काहीही वेगळे केले नाही, आणि तिसऱ्या टाकीला त्याच पंपावर, त्याच जागी, पहाटे डिझेल भरले तेव्हा वहीत ११.९ लिहिले गेले.