शेंगदाण्याशिवाय सोलापुरी स्वयंपाक

सोलापुरात शेंगा चटणी नाही असं ताट विरळाच. वांग्याच्या भाजीत कूट, खिचडीत कूट, भाकरीशेजारी चटणी. आणि आमच्या धाकटीला नेमकी शेंगदाण्याचीच अ‍ॅलर्जी निघाली.

भाजल्याने किंवा शिजवल्याने हा त्रास टळत नाही, शेंगदाण्यातलं प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. घाण्याच्या तेलातही ते थोडं उतरतं, म्हणून शेंगतेल बंद केलं आणि सूर्यफुलाचं आणलं. कुटाची जागा शोधणं अवघड होतं. तीळ घालावेत तर त्यांचीही अनेकांना अ‍ॅलर्जी असते. डॉक्टरांना विचारून जवस आणि सुकं खोबरं ठरलं. दोन्ही मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं, गार झाल्यावरच जाडसर कुटायचं. जवस दळून ठेवली तर लवकर खवट होते, तेव्हा थोडी थोडीच करते. रस्सा छान दाटतो. चटणीत जवसाबरोबर लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. शेंगांचा तेलकट गोडवा येत नाही, पण ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर सासूबाईसुद्धा हीच मागून घेतात.

खलबत्ता मात्र नवा घेतला. दगडाच्या खाचांत जुनं कूट अडकून राहतं. मिक्सरचं भांडंही वेगळं. सुटा मसाला आणत नाही, कारण दुकानात एकच माप सगळ्या पोत्यांत फिरतं. पाकिटावरची अ‍ॅलर्जीची सूचना दर वेळी वाचते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं तातडीचं औषध घरात आणि दप्तरात असतंच. घरचे सगळे आता तेच जेवतात, तिचं ताट वेगळं वाढावं लागत नाही.