ब्युरेटपासून वहीपर्यंत: मोजायचे कसे, पाहायचे कसे

रसायनशास्त्राच्या प्रयोगात पहिला प्रश्न भांड्याचा. चंचुपात्रावरच्या (बीकरवरच्या) रेषा अंदाजापुरत्या असतात. साधारण ५ टक्के इकडेतिकडे धरले, तर ५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरलेले पाणी ४७.५ असेल किंवा ५२.५ही असेल. पाणी उकळायला हे चालते, अनुमापनाला नाही, म्हणजे फ्लास्कमधल्या द्रावणात दुसरे द्रावण थेंबाथेंबाने सोडून प्रमाण काढायला नाही. तिथे ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणा कोरलेली लांब नळी) आणि पिपेट (ठरावीक माप ओढून घ्यायची नळी) हीच हवीत. मोजपात्र, म्हणजे खुणांचे उंच नळकांडे, अचूकतेत चंचुपात्र आणि या दोन्ही नळ्या यांच्या मधले.

काचेच्या नळीत पाण्याची पातळी मध्ये खोलगट दिसते. वाचन त्या खोलगटाच्या तळाशी घ्या. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसतच नाही, तिथे वरची कड वाचा. मात्र सुरुवातीचे आणि शेवटचे, दोन्ही वाचन त्याच कडेवर. डोळा पातळीच्या रेषेत हवा. तो वर राहिला तर पातळी असते त्यापेक्षा वर भासते. मग मोजपात्रात आकडा जास्त येतो आणि ब्युरेटमध्ये कमी, कारण ब्युरेटचा शून्य वरच्या टोकाला असतो. काही खुणा नळीभोवती पूर्ण गोल कोरलेल्या असतात. त्या खुणेची पुढची आणि मागची रेषा एकमेकींवर आली की डोळा बरोबर जागी आहे. पातळीच्या जरा खाली काळ्या पट्टीचा पांढरा कागद मागे धरला, की तळ स्पष्ट उठून दिसतो.

०.१ मिलिलिटरच्या खुणा असलेल्या ब्युरेटमध्ये दुसरा दशांश डोळ्याने अंदाजून लिहायचा असतो. पातळी २३.४ आणि २३.५ यांच्या बरोबर मध्ये असेल तर २३.४५. अगदी रेषेवर असेल तर २३.४०. तो शेवटचा शून्य गाळणे ही सर्रास दिसणारी चूक आहे, २३.४ लिहिले की वाचन कमी बारकाईने घेतल्यासारखे होते. सुरुवात ०.०० वरूनच हवी असे मात्र काही नाही. शेवटच्या वाचनातून पहिले वजा करायचे, बस्स.

ब्युरेट भरताना दोन गोष्टी हमखास नडतात. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकतो आणि अनुमापन चालू असताना निघून जातो. तेवढे द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच वाचनात मोजले जाते. दुसरे म्हणजे वर विसरलेले नरसाळे. त्यातून थेंब गळत राहतात आणि वाचन कमी येते.

पिपेट रिकामे करताना टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवा. शेवटचा थेंब टोकात राहतो तो राहू द्या, फुंकू नका. नेहमीच्या एका खुणेच्या पिपेटचे माप तो थेंब वगळूनच ठरवलेले असते. आपला हात बसला का, हे तपासायला १० मिलिलिटर पाणी पिपेटने काढून तोला. २५ अंश सेल्सिअसला ते ९.९७ ग्रॅमच्या आसपास भरायला हवे. तोलायची वस्तू गरम नको: तिच्याभोवतीची हवा वर सरकते आणि तराजू वजन कमी दाखवतो.

आता निरीक्षण. ‘हायड्रोजन निघाला’ हे निरीक्षण नाही, अनुमान आहे. दिसले ते असे: ‘धातूच्या पृष्ठभागावर बुडबुडे आले, परीक्षानळी हाताला कोमट लागली, तोंडाशी पेटती काडी नेताच फट्ट आवाज झाला.’ आधी हे लिहा, अनुमान खालच्या ओळीत. ‘पारदर्शक’ आणि ‘रंगहीन’ यांची गल्लतही नको. मोरचुदाचे द्रावण पारदर्शक असते, पण निळे. रंग बदलला तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही नोंदवा. काहीच घडले नाही, तर ‘बदल दिसला नाही’ असे लिहा; रकाना कोरा सोडला तर प्रयोग केला की नाही तेच कळत नाही. वास घ्यायचा झाला तर नळीत नाक खुपसू नका, हाताने वाफ किंचित आपल्याकडे वळवा. आणि तेही शिक्षकांनी सांगितले तरच.

चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका. एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहा. कधीकधी खोडलेलाच बरोबर निघतो.